पाच हजार मैलांच्या आत

सॅगिनॉ, मिशिगन
९ ऑक्टोबर १९८२

बर्नी,

फोन लावून लावून कंटाळली असशील तर सांगतो, फोन गेल्या महिन्यात कापला. बिल भरलं नाही, दुसरं काही नाही. तेव्हा आता पत्र. माझं अक्षर तुला लागतं, शाळेत सिस्टर लोकांनी त्यावरून तुझ्यादेखत मला पट्ट्या मारल्या आहेत.

एक विचारायचंय. मोठी बहीण म्हणून नाही, आपल्या घरातली सगळी अक्कल तुझ्याच वाट्याला आली म्हणून.

घटस्फोटाचा निकाल तुला माहीत आहे. जोसी कोरिनकडे, अल्पिनाला, कोरिनच्या आईच्या घरी. मला एकाआड एक शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. त्याखाली जज्जांनी एक ओळ घातली आहे की मुलीला मोटरसायकलवर बसवायचं नाही. सहा वर्षांची पोर, मीही बसवलं नसतं. पण माझ्याकडे मोटरसायकलशिवाय आहे काय? कार कोरिनकडे गेली, फाउंड्रीनं मला फेब्रुवारीत घरी बसवलं, बेकार भत्ताही संपत आला. पहिल्या शनिवारी गेलो तर सासूबाई जाळीच्या दाराआडूनच म्हणाल्या, "चारचाकी आण आणि पोरगी ने. नाहीतर पायरी चढू नकोस." व्हर्ना पहिल्यापासून अशीच आहे, पण कागद तिच्या बाजूला आहे.

म्हणून गाडी घेऊन पर्डीकडे गेलो. तोच पर्डी, ज्यानं दीड वर्षापूर्वी तीन हजार डॉलर घेऊन मला ही साडेसातशे सीसीची गाडी विकली आणि वर सिगार पाजला. म्हटलं ही घे आणि एखादी जुनी कार दे. तो हसायला लागला. मला हाताला धरून मागच्या गोदामात घेऊन गेला. छतापर्यंत लाकडी पेट्या! सगळ्यांत माझ्याच गाडीच्या बहिणी, गेल्या सालच्या, खिळासुद्धा न काढलेल्या. म्हणाला, "ह्या नव्याकोऱ्या निम्म्या किमतीत देतोय, तरी कुत्रं विचारत नाही. तुझी वापरलेली कोण घेणार?" आणि हे मोटारींचं गाव, इथे जपानी गाडी म्हणजे आधीच पाप. युनियनच्या हॉलबाहेर लावली तर कोणीतरी सीटवर चिठ्ठी चिकटवली होती, 'टोकियोत जाऊन लाव.' आपल्या ओळखीतलं कोणी ती फुकटसुद्धा नेणार नाही.

पण पर्डी अगदीच दगड नाही. त्याच्याकडे एक हिरवी स्टेशन वॅगन आहे. म्हणाला एप्रिलमध्ये ये, बर्फ गेलं की दोनचार वेडे बाइक शोधत फिरतात. तेव्हा गाडीला गाडी, वर एक पैसा नको. अट एकच. काटा पाच हजार मैलांच्या आत हवा. पाच हजार ओलांडले की त्याच्या किमतींच्या पुस्तकात गाडी एक पायरी खाली जाते, मग वॅगन विसरायची.

आज काटा ४,३८० वर आहे, पर्डीनं तो टिपूनही ठेवलाय. अल्पिनाला जाऊन येऊन दोनशे नव्वद. दोन फेऱ्या जमतात, तिसरीला वॅगन गेली.

आता सांग. आज मिळेल त्या भावात विकू? त्यात सायकल येईल. की एप्रिलपर्यंत गाडी झाकून ठेवू आणि जोसीचं तोंडही बघू नको? व्हर्ना आत घेत नाही हे खरं, पण गेलो तर निदान दिसेल तरी. सहा वर्षांच्या पोरीला सहा महिने म्हणजे किती होतात गं?

लायल


डुलुथ, मिनेसोटा
१९ ऑक्टोबर १९८२

लायल्या,

तीन हजारांची गाडी घेतलीस तेव्हा मला विचारलं होतंस? तेव्हा अक्कल नको होती, वारा हवा होता. आता वारा पुरे झाला म्हणून बहीण आठवली.

असो. बोलून मोकळी झाले, आता ऐक. गाडी शेडमध्ये लाव, वर ताडपत्री टाक आणि किल्ली शेजाऱ्याकडे दे. तुझ्यावर माझा विश्वास नाही म्हणून शेजाऱ्याकडे. नुसतं फुटपाथवरून पोरीला बघायला तीनशे मैल जाळायचे आणि त्यापायी कार घालवायची, हा शुद्ध गाढवपणा आहे. एप्रिलमध्ये कार घेऊन जा, तिला मांडीवर घे, आईस्क्रीम चार, काय वाटेल ते कर. पोर कुठे पळून चालली नाही.

इथलं म्हणशील तर तुझ्या मेहुण्याची, ऑरिनची, बोट बंदरातच उभी आहे, खाणी बंद तर खनिज कुठून नेणार. मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात दोन पाळ्या करते. हातांची सालं निघाली आहेत, पण दुसऱ्यांच्या चादरींवर घर चालतंय, तेव्हा रडत नाही. तूही रडू नकोस. सहा महिने असे जातात.

बर्नी


सॅगिनॉ
२१ नोव्हेंबर १९८२

बर्नी,

तू म्हणालीस तसंच केलं. गाडी शेडमध्ये आहे, वर ताडपत्री, किल्ली शेजारच्या म्हाताऱ्याकडे. काटा जागचा हललेला नाही, तुझी शपथ.

मी बरा आहे. चर्चच्या तळघरात गुरुवारी सूप मिळतं, त्यात चक्क सॉसेज असतं. हरणांची शिकार सुरू झाली, शेजाऱ्यानं एक तंगडी दिली, ती आठवडाभर पुरली. यंदा थंडी अजून मऊच आहे, रस्ते कोरडे ठणठणीत.

जोसीचा खालचा पुढचा दात पडला. फट एवढी मोठी आहे की त्यातून जिभेचं टोक काढून दाखवते आणि स्वतःच हसून लोळते. आणि शाळेत तिनं टर्की कोंबडीचं चित्र काढलंय, तिला सहा पाय आहेत. टर्कीला, जोसीला नाही.

ऑरिनला नमस्कार सांग.

लायल


डुलुथ
१२ डिसेंबर १९८२

लायल्या,

शहाणा झालास! तुझं पत्र ऑरिनला मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हटलं बघा, आमच्या घरातला धाकटा चाळिशीच्या आत सुधारला.

आणि तुझी चोरी मी पकडली आहे बरं का. फोन तर कापलेला, मग जोसीच्या दाताचं तुला कसं कळलं? कोरिन पत्र लिहिते, होय ना? माझ्यापासून कशाला लपवायचं? मला तर इतका आनंद झाला की मीही तिला नाताळचं कार्ड टाकलं. जोसीसाठी लोकरीचे हातमोजेही पाठवले. चार वर्षं मी कोरिनशी बोलले नव्हते, पण म्हटलं आपणच आधी हात पुढे करावा.

आणि तुझी बाजू नीट मांडली. लिहिलं की लायल मुलीला भेटायला येत नाही म्हणून मनात राग धरू नकोस. त्याला मुलगी नको आहे असं नाही. त्यानं ऑक्टोबरपासून गाडी जागची हलवलेली नाही, मैल वाचवतोय, एप्रिलमध्ये त्याबदल्यात कार घेऊन येणार आहे. एवढं वाचून दगडालाही पाझर फुटेल.

नाताळला एकटा बसू नकोस. सोबत बिस्किटांचा डबा पाठवते आहे, सगळी पहिल्याच दिवशी संपवू नकोस.

बर्नी


सॅगिनॉ
९ जानेवारी १९८३

बर्नी,

कोरिनला लिहायची काय गरज होती? तुला कोणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं? तू नेहमी अशीच करतेस. कोणाच्याही भांड्यात आपला चमचा.

माफ कर. पान फाडणार होतो, पण दुसरं पान नाही. बिस्किटं छान होती, पहिल्याच दिवशी संपली.

तिला नेमकं काय लिहिलंस ते शब्दाला शब्द आठवून कळव. आणि तिचं काही उत्तर आलं तर तेही.

अक्षर वाकडं आलंय कारण उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी आहे. पाना सटकला. विशेष काही नाही, थोडी काळी पडली होती, आता कातडी सुटते आहे.

एक चांगली बातमी आहे. सरकार बाहेरच्या मोठ्या बाइकवर जकात वाढवणार म्हणतात. म्हणजे माझ्या गाडीचा भाव वर जाईल. पर्डीला विचारलं. तो म्हणाला, आधी गोदामातल्या पेट्या संपू देत, मग बोल. तरी आशा आहे.

तुला आणखी एक सांगायचं होतं. राहू दे.

लायल


डुलुथ
२४ जानेवारी १९८३

लायल,

पाना सटकून बोटं काळी पडत नाहीत. मी हॉस्पिटलात काम करते, धुलाईघरात का असेना. काळी पडतात ती थंडीनं. तू कुठे गेला होतास?

लहानपणी तू 'राहू दे' म्हणालास की कोणाची तरी काच फुटलेली असायची. आता काय फोडलंस ते सांग.

कोरिनचं उत्तर आलं. एकच ओळ आहे, 'कळवल्याबद्दल आभारी आहे, खरं काय ते आता समजलं.' मला तरी ती निवळल्यासारखी वाटली. तू उगाच घाबरतोस.

उत्तर लगेच पाठव.

बर्नी


सॅगिनॉ
१० एप्रिल १९८३

बर्नी,

अडीच महिने लिहिलं नाही म्हणून शिव्या देत असशील. दे. आज मला कसल्याही शिव्या चालतील.

वॅगन मिळाली! काल पर्डीनं गाडी बघितली, बोटानं काचेवर टकटक करून काटा वाचला, ४,४१२, आणि म्हणाला, "शब्दाचा पक्का निघालास लेका." कागद झाले, सह्या झाल्या, हिरवी वॅगन आता माझ्या दारात उभी आहे. एका दाराला गंज आहे, रेडिओवर एकच स्टेशन लागतं, त्यावर दिवसभर डुकरांचे भाव सांगतात. पण मागची सीट केवढी मोठी! पट्ट्यासकट. मी स्वतः मागे बसून पट्टा लावून बघितला.

पुढच्या शनिवारी, सोळा तारखेला, बरोबर दहा वाजता व्हर्नाच्या दारात. ती 'कार तुझीच कशावरून' म्हणणार, म्हणून पर्डीच्या सगळ्या कागदांची नक्कल बरोबर नेतोय. तिच्या हातातच ठेवतो. मग बघतो कशी अडवते.

जोसीला कुठे नेऊ सांग. मला काही सुचत नाही. रात्रभर तेच चाललंय.

लायल


सॅगिनॉ
२४ एप्रिल १९८३

बर्नी,

कोरिन जोसीला घेऊन टेक्सासला चालली आहे. ह्यूस्टनला. तिच्या भावानं तिथे काम बघितलंय, मिशिगनमधली निम्मी माणसं तिकडेच चालली आहेत. मुलीला राज्याबाहेर न्यायला कोर्टाची परवानगी लागते, तर त्याचा अर्ज तिनं आधीच केला होता. सोळा तारखेला मी दारात गेलो, व्हर्नानं माझ्या हातातून कागद घेतले, आत गेली, आणि बाहेर आली ती नोटीस घेऊन. दार लावलं. मी वॅगनमध्ये बसून राहिलो. डुकरांचे भाव ऐकत.

अर्जात लिहिलंय की बापानं सात महिन्यांत मुलीला भेटण्याचा एकही प्रयत्न केला नाही.

बर्नी, मी नऊ वेळा गेलो होतो.

आता सगळं सांगतो, मध्ये थांबवू नकोस. पुढच्या चाकापासून एक केबल वर काट्याला जाते. चाकापाशी तिची चकती असते, ती पकडीनं सैल केली की केबल बाहेर येते आणि काटा मेल्यासारखा पडतो. मैल मोजत नाही, वेगही दाखवत नाही. ऑक्टोबरमध्ये तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी ती सोडवली आणि टोकाला चिकटपट्टी लावली. शेजाऱ्याकडे किल्ली कधी दिलीच नाही. तुला लिहिलं की काटा जागचा हललेला नाही. ते तर खरंच होतं. सहीपुरते तीसेक मैल व्हावेत म्हणून मार्चमध्ये केबल लावून गावात दोन चकरा मारल्या, अगदीच एक मैलही नाही तर पर्डीला संशय येईल म्हणून. बघ, केवढा हुशार मी.

एकाआड एक शनिवारी पहाटे निघायचो. बर्फ पडलेला असला तर नाही, त्यामुळे चार वेळा चुकलं. बाकी नऊ वेळा गेलो. वेग कळायचा नाही, इंजिनच्या आवाजावर अंदाज घ्यायचा. किनाऱ्याच्या रस्त्यावर सरोवरावरून वारा असा येतो की हात आपले राहत नाहीत, बोटं तिथेच काळी पडली. परत आलो की बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीला खाऊ नये म्हणून स्वयंपाकघरात पाणी गरम करून बादल्या ओतायचो.

आणि तिथे जाऊन काय करायचो? व्हर्नाच्या समोरचं घर हिवाळ्यात बंद असतं, म्हातारा-म्हातारी फ्लोरिडाला जातात. त्यांच्या अंगणात उभा राहायचो. जोसी खिडकीत यायची. दात दाखवला तो खिडकीतूनच. चित्रं काचेला लावायची, मी हातवारे करून विचारायचो हे काय, ती तोंड हलवून सांगायची. टर्की ओळखायला मला अर्धा तास लागला. व्हर्ना पडदा ओढेपर्यंत आमचं चालायचं. कोरिन शनिवारी दुकानात कामावर असते, तिनं मला कधी पाहिलं नाही. व्हर्ना तिला काय सांगत होती ते आता अर्जात वाचलं.

आता माझ्याविरुद्ध काय काय आहे ऐक. एक, पर्डीचा कागद, जो मी स्वतः मिरवत नेऊन त्यांच्या हातात दिला. ऑक्टोबरला ४,३८०, एप्रिलला ४,४१२, खाली माझी सही की मैल खरे आहेत. बत्तीस मैलांत अल्पिनाच काय, गावाची वेससुद्धा येत नाही. दोन, तुझं नाताळचं पत्र. सख्खी बहीण लिहिते की त्यानं गाडी हलवलेली नाही. पेट्रोल रोख भरलं, पावत्या नाहीत. समोरचं घर रिकामं. माझ्या बाजूनं एक चिटोरं नाही, कारण मी तुलासुद्धा खरं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पोस्टाच्या शिक्क्यासकट नऊ पुरावे तुझ्या खणात पडले असते.

खरं सांगितलं तर मैलांची फसवणूक कबूल करावी लागते. त्याला दंड नाही, तुरुंग आहे, असं मोफत कायदा-मदत केंद्रातला वकील म्हणतो. पर्डी वॅगन काढून घेईल. नाही सांगितलं तर जोसी गेली. सुनावणी अठरा मेला आहे.

तुझ्यावर रागावलो होतो, आता नाही. तू मी सांगितलं तेच लिहिलंस. सांग गं काय करू. मला काही दिसत नाही.

लायल


डुलुथ
२९ एप्रिल १९८३

लायल्या, गाढवा, माझ्या सोन्या,

पत्र वाचून मी धुलाईघरातच खाली बसले. बायकांना वाटलं कोणी गेलं.

चूक माझी आहे. नाही म्हणू नकोस, चमचा मीच घातला. कोरिनच्या त्या एका ओळीला मी निवळणं समजले आणि वर तुलाच सांगितलं की घाबरतोस कशाला. आणि तुलाही एक थोबाडीत देणं आहे, ते भेटल्यावर. दोनशे नव्वद मैल, जानेवारीत, काटा बंद गाडीवर! मेला असतास तर मला वाटत राहिलं असतं की तू शेडमध्ये ताडपत्रीशेजारी बसून शहाणपणा करतोयस.

आता माझं ऐक, या वेळी खरंच ऐक. आधी पर्डीकडे जा. कोर्टाच्या आधी. त्याला तोंडावर सांग, कारण ती गाडी तो उद्या कोणा पोराला पाच हजारांच्या आतली म्हणून विकेल, आणि चेन कधी बदलायची, टायर कधी, ब्रेक कधी, हे तो पोरगा त्याच काट्यावर बघेल. तेवढंच माझ्या डोळ्यांसमोर येतंय. मग जज्जांना सांग. तुरुंग झाला तर झाला. जोसी मोठी होऊन कागद काढेल ना, तर त्यावर बाप चोर होता असं असू दे. आला नाही, असं नको.

मी जज्जांना वेगळं पत्र लिहिते आहे की माझी माहिती खोटी होती आणि ती मला कोणी दिली. कोण मानणार आहे, पण लिहिते.

आणि जोसीला विचारा म्हणावं. तिनं पाहिलंय ना!

बर्नी


सॅगिनॉ
१९ मे १९८३

बर्नी,

तू म्हणालीस त्याच क्रमानं केलं.

पर्डी ऐकत राहिला. मग उठून दुकानाचं दार आतून लावलं आणि मला अशा शिव्या घातल्या की ऑरिननंही बोटीवर ऐकल्या नसतील. गाडी अजून विकली नव्हती, ते माझं नशीब. वॅगनची किल्ली त्यानं हिसकावून घेतली, बाइकची किल्ली जमिनीवर फेकली. पोलिसांत गेला नाही. म्हणाला, "तुझ्यापायी मला माझी वह्यापुस्तकं त्यांच्यासमोर उघडायची नाहीत. चालता हो." जाताना विचारलं, खरे मैल सांगून आता किती देशील? म्हणाला, "काटा एकदा खोटा ठरला की गाडीला भावच नसतो. लोखंड म्हणून घेईन, वजनावर."

काल कोर्टात बाइकवरूनच गेलो.

सगळं सांगितलं. केबल, चिकटपट्टी, नऊ शनिवार, बोटं वर करून दाखवली. कोरिनचा वकील तरुण आहे, वाईट नाही. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "मिस्टर कुबॅकी, तुम्ही सहीनिशी खोटं लिहिलंत, सख्ख्या बहिणीला खोटं लिहिलंत. आज मात्र खरं बोलताय, हे आम्ही कशावरून ओळखायचं?" याचं उत्तर तुझ्याकडे आहे का? व्हर्नानं बायबलवर हात ठेवून सांगितलं, आला असेल तर मला दिसला नाही. तुझं पत्र जज्जांनी वाचलं, घडी घातली आणि बाजूला ठेवलं. जोसीला विचारा असं माझा वकील म्हणाला, तर जज्ज म्हणाले सहा वर्षांच्या मुलीला आईबापांमध्ये उभं करणार नाही. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

परवानगी मिळाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघतायत. मला उन्हाळ्यात दोन आठवडे भेट, ह्यूस्टनला, माझ्या खर्चानं गेलो तर. तीही त्यांच्या दारातच, कोरिनच्या देखत. मैलांच्या गुन्ह्याचं जज्जांनी लिहून पुढे पाठवलंय, त्याचं काय होतं ते बघू. तुरुंग नाही झाला तर जुलैमध्ये निघतो. तेराशे मैल आहेत, एका बाजूनं. ही गाडी आता विकायची नाही. भावच नाही तर विकायचं काय? चेन आणि मागचा टायर बदलतो, बाकी चालेल. वाटेत झोपायला चर्चची अंगणं आहेत, आणि ऊन तर फुकट असतं. तू नको म्हणशील. नको म्हणू.

आता एक राहिलंय ते सांगतो. ते लिहायचं म्हणूनच सकाळपासून हे बाकीचं लिहीत बसलोय.

निकालानंतर बाहेर आलो तर पॅसेजमधल्या बाकावर जोसी बसली होती, कोरिनच्या भावजयीबरोबर. मला बघून उठली आणि धावत आली. आठ महिन्यांनी हाताला लागली गं. केवढी उंच झाली आहे! काचेतून ते कळत नव्हतं. केसांना सफरचंदाच्या साबणाचा वास होता. मी खाली गुडघ्यांवर बसलो आणि तिला धरून राहिलो. कोरिन मागून आली, पण तिनं सोडवली नाही, नुसती उभी राहिली.

मी जोसीला म्हटलं, "तू ह्यूस्टनला जाणार ना, मीपण येणार आहे हं उन्हाळ्यात. तुला भेटायला."

तिनं माझी कॉलर धरली. मग म्हणाली, "बाबा, तिथे आमच्या घरासमोर तुला उभं राहायला जागा असेल का?"

कोरिन म्हणाली, "उभं कुठे राहायला?"

"बाबा उभा राहतो ना, समोरच्या अंगणात. शनिवारी. तू कामावर असतेस तेव्हा." आणि मग तिनं पटकन तोंडावर हात ठेवला. "आजी म्हणाली होती आईला सांगायचं नाही, आई रडेल."

कोरिन बाकावर बसली. पर्स मांडीवर, तोंड उघडंच. तिनं वळून दारात उभ्या व्हर्नाकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या बोटांकडे. आतून कारकून आला आणि शिक्का मारलेला कागद तिच्या हातात देऊन गेला. तिनं तो घेतला. बोलायचं ते सगळं आत बोलून झालं होतं.

जोसी मात्र माझी कॉलर धरून उत्तराची वाट बघत होती. म्हटलं, असेल गं. नसली तर करू.

लायल